एकट्याची वाट : धर्मानंद कोसंबी

पेटी घेऊन वसतिगृहात एकट्या उतरणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही धर्मानंद कोसंबींचा प्रवास आवर्जून सांगतो. गोव्यातील साखवळ गावी १८७६ मध्ये जन्मलेले कोसंबी १८९९ च्या अखेरीस ज्ञानार्थ घराबाहेर पडले. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. बुद्धधम्माच्या शोधात नेपाळ गाठले. तेथे निराशाच पदरी आली. मग बुद्धगयेहून ते श्रीलंकेस गेले आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडून श्रामणेर-दीक्षा घेऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाभ्यास केला. घरी पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. त्यांनी सोसलेल्या एकटेपणाची नोंद फारशी कोणी घेत नाही, हे आम्हांस खटकते. आज सोलापुरातील साधक इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विनाशुल्क शिबिरास जातो, तो घरी परतीची तारीख सांगून.