‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे आपल्या गावात की नाही?

ऑक्टोबर लागला की जळगाव-धुळ्याच्या मोबाईल ग्रुपवर हवामानाचा नकाशा फिरायला लागतो. काही जिल्हे पिवळे, खाली एक ओळ: ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’. जळगाव शहरात थेंबही पडला नाही की लोक हवामानवाल्यांना नावं ठेवतात. त्याच संध्याकाळी चोपड्याकडे कुणाचा तरी वाळत घातलेला कापूस भिजलेला असतो. अंदाज मात्र दोन्हीकडे खरा ठरलेला असतो.

घोटाळा ‘तुरळक’ या शब्दाचा आहे. आपल्या घरांत त्याचा अर्थ ‘थोडासा पाऊस’ असा लावतात. हवामान विभाग तो जागेबद्दल वापरतो. भागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, 26 ते 50 टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, 75 पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. जोर किती, ते वेगळं सांगतात. 24 तासांत साधारण 65 मिलिमीटरच्या पुढे गेला की मुसळधार. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हेही बरोबर असतं. एका गावाला झोडपतो, शेजारच्या तीन गावांत ऊन.

आणि ऑक्टोबरचा पाऊस असतोच असा. मान्सून 17 सप्टेंबरच्या सुमारास राजस्थानातून परतायला लागतो, आपल्याकडून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आकाश मोकळं, जमीन अजून ओली, दुपारी पारा 35 अंशांच्या आसपास. ती ओल तापून वर जाते, दुपारनंतर ढग उभे चढतात आणि तासाभरात रिकामे होतात. एक ढग काही किलोमीटरचाच, त्यामुळे जामनेर भिजतं आणि भुसावळ कोरडं राहतं. मुंबईतल्या नातेवाईकांचा ऑक्टोबर निराळा, तिथे दुपारी समुद्राचा वारा येतो, पण घाम सुकत नाही. इथे समुद्र लांब, रात्र लवकर थंड होते. फज्रला चादर हवीशी वाटते आणि जुहरला मशिदीत पंख्याखालची जागा शोधावी लागते.

आपलं हिजरी साल चंद्राचं, दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकतं, त्यामुळे त्यावरून ऋतू कळत नाही. खानदेशातले आपले शेतकरीही म्हणून हत्ती, चित्रा, स्वाती अशी नक्षत्रंच मोजतात.

पिवळा रंग म्हणजे सावध राहा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. पिवळ्याकडे कुणी लक्ष देत नाही, ही आमची खरी तक्रार आहे. वीज पिवळ्या दिवशीही पडते, आणि वेचणीला गेलेल्या बायका तेव्हा शेतातच असतात. गडगडाट ऐकू आला की निंबाखाली थांबायचं नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर कळवतं. घरातल्या कॉलेजच्या मुलाने ते मुकादमाच्या मोबाईलमध्ये टाकून द्यावं.

कापसाचा हिशेबही सरळ आहे. सीसीआयच्या खरेदीत ओलावा 8 टक्के असेल तर पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे माल परत. आमच्या नात्यातल्या एका घराने गेल्या वर्षी पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी गच्चीवर कापूस पसरला आणि सगळे लग्नाला गेले. नंतर आठवडाभर तो वाळवत बसले, शाळेतली दोन मुलंही त्याच कामाला.

आठवड्याच्या अंदाजातले पहिले दोन दिवस धरून काम ठरवावं. पाचव्या-सातव्या दिवसाचा फक्त कल समजावा आणि रोज सकाळी पुन्हा बघावं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठी वेगळा सल्ला निघतो. जुम्याला लोक जमतातच, तिथे तो वाचून दाखवायला पाच मिनिटं पुरतात.

समुद्रात वादळ असेल तर मात्र गोष्ट बदलते. 2019 मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात ‘क्यार’ आलं, पाठोपाठ ‘महा’, आणि त्या दिवसांच्या अवकाळी पावसाने राज्यभर उभी पिकं गेली. बातमीत ‘तुरळक’च्या जागी ‘बऱ्याच ठिकाणी’ आलं की आपलं गाव त्यात धरूनच चालावं. फुटलेला कापूस आधी वेचून घरात घ्यावा.