मिशन आणि मंडळी : पाठवणारा कोण?

अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) ‘मिशन’ म्हटले की जुन्या माणसांना बंगला, शाळा, दवाखाना आणि पगार आठवतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र एवढाच : पाठवणे. मराठी बायबलने ख्रिस्ताच्या बारा शिष्यांना ‘प्रेषित’ म्हटले, त्यात हा अर्थ शाबूत आहे. प्रेषित म्हणजे पाठवलेला. मग पाठवणारा कोण? ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आयुष्यात मिशनचे स्थान कोणते, हे या एका प्रश्नावर ठरते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले उत्तर सरळ आहे. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांना रवाना केले. परतल्यावर दोघांनी त्याच मंडळीपुढे सारी हकिकत सांगितली. पाठवणे हे मंडळीचे स्वतःचे काम होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील प्रॉटेस्टंटांनी या कामासाठी वेगळ्या संस्था काढल्या. ‘अमेरिकन बोर्ड’ ही त्यांतलीच, 1810 सालची. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. 1813 च्या सनदी कायद्याने वाट मोकळी झाली. पुढे 1831 मध्ये नगरला ठाणे पडले आणि ‘अमेरिकन मराठी मिशन’ नावारूपाला आले.

इथे एक पेच उभा राहिला. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर, जात, बलुते सारेच तुटण्याचा धोका असे. 1850 च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला, पण गावातला शेजार कोणता कायदा परत देणार? मग मिशनने त्याला काम दिले : शिक्षकाचे, उपदेशकाचे, पुस्तके विकण्याचे. त्यामागे कळवळा होता, यात शंका नाही. परिणाम मात्र असा झाला की शुभवर्तमान सांगणे ही पगारी माणसाची नोकरी ठरली आणि उरलेली मंडळी श्रोती झाली.

हा धोका मिशनच्या कारभाऱ्यांनाही दिसत होता. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन या दोघांचे म्हणणे असे, की स्थानिक मंडळी आपल्या खर्चाने, आपल्या कारभाराने आणि आपल्या प्रसाराने उभी राहावी. ती उभी राहिली की मिशनने सुखाने डोळे मिटावेत. अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले आणि देशी पाळक नेमण्याचा त्यांनी आग्रह धरला. पण पैशाची किल्ली परदेशी हातात राहिली, आणि किल्ली ज्याच्या हाती त्याचाच शब्द शेवटचा.

या पेचाला सर्वांत धीट उत्तर दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक पुढे याच मिशनमध्ये होते. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे ते संपादकही झाले. भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त महाराष्ट्राला आपलासा होईल, ही त्यांची श्रद्धा. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त या दरबारात यावेत, असा त्यांचा मानस होता. पगार सोडला, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव बदलले. साहेबाऐवजी आता ख्रिस्त त्यांना पाठवत होता. दरबार मूळ धरण्याआधीच, 1919 मध्ये, टिळक गेले.

1970 मध्ये नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि कारभार भारतीयांच्या हाती असलेल्या मोठ्या ऐक्यात अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या सामील झाल्या. परांची उतरली, इमारत उभी राहिली. पण इमारत सांभाळणे म्हणजे मिशन नव्हे. आजच्या मंडळीपुढे बंगले आणि जमिनी आहेत, त्यांचे वादही आहेत. या साऱ्यातून उठून शेजाऱ्याच्या दारी कोण जाणार? साहेब गेल्यावरही हा प्रश्न राहिलाच आहे, आणि आता त्याचे उत्तर देण्यासाठी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही.