व्यक्तिसापेक्ष उपचार आणि संगणक : मधुमेहावरील पुण्यातील संशोधनाच्या अनुषंगाने

प्रस्तावना

'पर्सनलाइज्ड मेडिसिन' या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'व्यक्तिसापेक्ष उपचार' असा शब्दप्रयोग केला आहे. एकाच रोगाचे नाव असलेल्या दोन रुग्णांना सरसकट एकच औषध न देता प्रत्येकाचे वय, शरीरयष्टी, रक्ततपासण्या आणि आवश्यक तेथे जनुकीय रचना पाहून उपचार ठरविणे, असा त्याचा अर्थ आहे. प्रकृती पाहून औषध योजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. आयुर्वेदाचा तो पायाच आहे आणि जुन्या पिढीतील चांगला कुटुंबवैद्यही तेच करीत असे. नवीन आहे ती तुलनेची व्याप्ती. वैद्याच्या स्मरणात राहणाऱ्या काही शे रुग्णांऐवजी आता हजारो रुग्णांच्या नोंदींशी समोरच्या रुग्णाची तुलना करता येते आणि ही तुलना संगणकावाचून शक्य नाही.

मात्र येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संगणक व्यक्तीला ओळखत नाही. तो तिला इतरांच्या शेजारी ठेवून पाहतो. हे 'इतर' कोण आहेत, यावरच उत्तर अवलंबून असते. या विषयावरील मराठी लेखनात कर्करोग आणि महागडी औषधे यांची चर्चा अधिक आढळते. येथे मुद्दाम मधुमेहाचे उदाहरण घेतले आहे, कारण तो राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्यालाही परका राहिलेला नाही आणि त्यावरील महत्त्वाचे संगणकीय काम पुण्यात झालेले आहे.

कृश शरीरातील मेद

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. युरोपीय लोकांच्या नोंदींवरून घडविलेला निर्देशांक भारतीय शरीराविषयी किती अपुरे सांगतो, हे त्या एका छायाचित्राने दाखविले. त्याची मुळे जन्मापूर्वीपर्यंत जातात. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. वजनात एवढी तफावत असूनही त्वचेखालील मेद मात्र आपल्या बालकांत त्या मानाने टिकून होता.

तेव्हा आपल्या रुग्णाला पाश्चात्त्य मापाने मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगरख्यावरून त्याचा सदरा बेतण्यासारखे आहे.

संगणक गट कसे पाडतो?

मधुमेहाची 'टाइप १' आणि 'टाइप २' ही विभागणी सर्वपरिचित आहे. पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. उरलेले बहुतेक सर्व रुग्ण दुसऱ्या प्रकारात टाकले जातात. हा दुसरा प्रकार म्हणजे एक भलेमोठे गाठोडे आहे. ते सोडण्याचा प्रयत्न स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. नव्याने निदान झालेल्या ८,९८० रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी मधुमेहाचे पाच उपगट मांडले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहिलेली मापे सहाच होती : प्रतिकारयंत्रणेशी संबंधित एक प्रतिपिंड, निदानाच्या वेळचे वय, बीएमआय, गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी, इन्सुलिन निर्माण करण्याची क्षमता आणि इन्सुलिनला होणारा अवरोध. शेवटची दोन मापे प्रयोगशाळेत थेट मोजलेली नव्हती. उपाशीपोटीची साखर आणि सी-पेप्टाइड यांवरून ती 'होमा' या गणिती प्रतिमानाने काढली जातात. हे प्रतिमान ऑक्सफर्डमध्ये १९८५ साली मांडले गेले. म्हणजे संगणकापुढे येणारी 'माहिती'ही काही अंशी आधीच गणिताने घडविलेली असते.

प्रतिपिंड असलेले रुग्ण वेगळे काढल्यावर उरलेल्या पाच मापांवर 'के-मीन्स' ही रीत वापरण्यात आली. संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात शिकविली जाणारी ही रीत समजण्यास अवघड नाही. प्रत्येक रुग्ण हा पाच मितींच्या अवकाशातील एक बिंदू मानावयाचा. प्रथम सर्व मापे एका पातळीवर आणावी लागतात, कारण वयातील वीस वर्षांचा फरक आणि एचबीए१सीमधील चार टक्क्यांचा फरक जसेच्या तसे घेतले, तर वय एचबीए१सीला झाकून टाकील. म्हणून प्रत्येक मापातून समूहाची सरासरी वजा करून त्याला समूहाच्या प्रमाण विचलनाने भागतात. नंतर काही केंद्रबिंदू गृहीत धरून प्रत्येक रुग्णाला सर्वांत जवळच्या केंद्राकडे सोपवितात. तयार झालेल्या गटांची सरासरी काढून केंद्रे नव्या जागी सरकवितात आणि गटांतील बदल थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करतात.

यातील दोन बाबी नजरेतून सुटू नयेत. किती गट पाडावयाचे हे रीत आपण होऊन सांगत नाही. काही कसोट्यांच्या आधारे ते माणूसच ठरवितो. दुसरे असे की, 'समूहाची सरासरी' या शब्दांतच समूह दडलेला आहे. समूह बदलला की केंद्रे सरकतात आणि तोच रुग्ण दुसऱ्या गटात जाऊ शकतो.

स्वीडनमध्ये वाढत्या वयाशी संबंधित सौम्य मधुमेहाचा गट सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के होता. इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट सुमारे साडेसतरा टक्के होता. पुण्यातील 'वेलजेन' अभ्यासातील सुमारे सोळाशे रुग्णांचे विश्लेषण याज्ञिक आणि लुंड येथील सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'डायबेटॉलॉजिया'त प्रसिद्ध केले. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत 'टाइप २'चे निदान झालेले हे रुग्ण होते. त्यांच्यात इन्सुलिनच्या कमतरतेचा गटच सर्वांत मोठा आढळला. दोन्ही समूहांचे वय सारखे नसल्याने टक्केवारीची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही 'टाइप २ म्हणजे लठ्ठपणा आणि इन्सुलिनला अवरोध' हे पाठ्यपुस्तकी समीकरण आपल्या तरुण रुग्णांना पुरेसे लागू पडत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. ज्याच्या शरीरात इन्सुलिनच कमी पडत आहे, त्याला केवळ अवरोध कमी करणाऱ्या गोळ्यांवर वर्षानुवर्षे ठेवले, तर दरम्यान डोळे, मूत्रपिंड व नसांची हानी होत राहू शकते. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली, हीही याच दिशेची घटना होय.

जनुकीय गुणांक

कृश तरुण रुग्णाचा मधुमेह पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, हे ठरविताना जनुकीय गुणांकाचेही साहाय्य होते. जनुकसंचातील ठरावीक स्थानी धोक्याचे अक्षर शून्य, एक की दोन वेळा आहे हे पाहावयाचे, त्या स्थानाच्या भाराने गुणावयाचे आणि बेरीज करावयाची. हे गणित शाळकरी मुलगाही करील. अवघड आहे ते भार ठरविणे, कारण त्यासाठी हजारो लोकांचे जनुकसंच तपासावे लागतात. युरोपीय लोकांवरून बेतलेला असा गुणांक पुण्यातील रुग्णांवर एक्सेटर विद्यापीठ, के.ई.एम. आणि हैदराबादची सीसीएमबी यांनी पडताळून पाहिला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पडताळणीत तो भारतीयांतही उपयुक्त ठरला, पण युरोपीयांपेक्षा किंचित कमी. हा 'किंचित' फरक आपल्या नोंदी नसल्याची किंमत आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी 'जीनोम इंडिया' प्रकल्पात २० संस्थांनी ८३ समाजगटांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रामार्फत संशोधकांना खुली करण्यात आली. एका जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. ती लहान लहान तुकड्यांत, प्रत्येक जागा अनेकदा वाचून, पुन्हा जुळवावी लागतात. १९९१ मध्ये सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक पुण्यातच घडविला होता. गणनशक्ती ही आपली मुख्य अडचण नाही, असे म्हणावयास त्यामुळे आधार आहे. अडचण नोंदींची आहे. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाने नोंदविलेल्या समाजगटांची संख्या चार हजारांवर जाते, हे ८३ या आकड्याशेजारी ठेवून पाहावे.

गटाकडून व्यक्तीकडे

गट पाडण्याच्या या रीतीवर आक्षेपही आहेत. एक्सेटरच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले की, कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज बांधताना रुग्णाला एखाद्या गटात बसविण्यापेक्षा त्याचे वय, लिंग, बीएमआय, एचबीए१सी अशी साधी मापे थेट सूत्रात घातल्यास अंदाज अधिक चांगला येतो. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप ग्राह्य वाटतो. दोन गटांच्या सीमेवरील रुग्णाला कोणत्या तरी एका बाजूला ढकलणे ही गणिताची सोय आहे, रुग्णाची नव्हे. गटांचा उपयोग डॉक्टरांच्या मनात संशय जागा करण्यापुरता मानावा.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. सी-पेप्टाइडची तपासणी ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर सहसा होत नाही. त्यामुळे पुण्याचे वर्गीकरण येथे जसेच्या तसे राबविता येणार नाही. पण वर सांगितलेली साधी मापे मिळू शकतात. प्रश्न असा की, ती राहतात कुठे? केसपेपर रुग्णाच्या पिशवीत असतो. पावसाळ्यात तो भिजतो, डॉक्टर बदलला की नवा निघतो आणि निदानाच्या वेळचे वय व वजन जुन्या कागदाबरोबर नाहीसे होते. नेमकी हीच दोन मापे पुढे मिळविता येत नाहीत. मोबाईलवरील आकर्षक ॲप तयार करण्यापेक्षा तालुक्यातील मधुमेही रुग्णांची एक प्रामाणिक नोंदवही अधिक मोलाची आहे, असे माझे मत आहे. संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र व संगणकशास्त्र विभाग असलेले कोणतेही महाविद्यालय डॉक्टरांच्या सहकार्याने हे काम करू शकते.

अर्थात, त्यात एक धोका आहे. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीतील ३८ वर्षांची, अमुक समाजाची, मधुमेह असलेली स्त्री एवढी नोंद पुरे. नाव पुसले तरी ती कोण हे वाडीला कळते. तिच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याचा परिणाम पोहोचू शकतो. म्हणून गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट नोंदवून, प्रत्येक कोष्टकात अगदी लहान संख्या वगळूनच माहिती बाहेर द्यावयास हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कामास सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आणि नैतिकता समितीची मान्यता लागते. ज्या महाविद्यालयाची स्वतःची समिती नाही, त्याला सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव नेता येतो. आपल्यासाठी ती वाट कोल्हापूरपर्यंतचीच आहे.