अपघातानंतरचे आयुष्य आणि दुसरा बाण

जगातील प्रत्येक गोष्ट अनित्य आहे, हे तथागतांचे वचन आपण दर पौर्णिमेला विहारात ऐकतो. परंतु ज्या घरातील कर्ता माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जातो आणि दुपारी रुग्णालयातून निरोप येतो, त्या घराला या वचनाचा अर्थ एका क्षणात कळतो. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. लोकलमधून पडलेले, बांधकामाच्या परातीवरून कोसळलेले, कारखान्यातील यंत्रात हात गेलेले, झाडावरून वा विहिरीत पडलेले यांचा हिशोब यात नाही. मृतांसाठी आपण शोकसभा घेतो, पुण्यानुमोदन करतो. परंतु जे वाचतात आणि कायमचे अपंगत्व घेऊन घरी परततात, त्यांच्याविषयी आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

दोन बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवंतांनी एक दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. अज्ञानी माणूस त्यावर रडतो, छाती बडवून घेतो, खचून जातो. म्हणजे त्याच जागी त्याला दुसरा बाण लागल्यासारखे होते. ज्ञानी माणसालाही पहिल्या बाणाची वेदना होतेच, पण दुसरा बाण तो लागू देत नाही. अपघातानंतरच्या आयुष्याचा विचार करताना हा दृष्टांत आम्हांला फार उपयोगी वाटतो. मात्र त्यात आम्ही एक भर घालू इच्छितो. आपल्याकडे दुसरा बाण पुष्कळदा जखमी माणूस स्वतःला मारून घेत नाही. शेजारी, नातेवाईक, कार्यालये आणि आपण सारे तो मारीत असतो.

पहिला बाण : शरीर

पाठीच्या कण्याचे उदाहरण घेऊ. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे आदेश शरीराला आणि शरीराच्या संवेदना मेंदूला पोचविण्याचे काम तो करतो. हाड मोडले तर जुळते, परंतु मज्जारज्जू तुटला वा चेंगरला तर तो पूर्ववत जोडण्याचा उपाय आजही वैद्यकशास्त्राजवळ नाही. मानेत इजा झाली तर हात व पाय दोन्ही जातात, पाठीत झाली तर कमरेखालचे शरीर लुळे पडते. म्हणूनच अपघातग्रस्ताला हातपाय धरून उचलून, दुमडून रिक्षात कोंबणे घातक असते. मान व पाठ सरळ ठेवून, फळीवर घेऊनच त्याला हलवावे.

पाय चालत नाहीत एवढेच लोकांना दिसते. परंतु संवेदना जाते, लघवी व शौचावरचा ताबा जातो, ही खरी अडचण असते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा रुग्णांपैकी बहुतेक जण बेडसोर आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनीच दगावत. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये गेलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, लघवीची काटेकोर स्वच्छता ठेवायची आणि त्याला कामाला व खेळाला लावायचे, ही त्यांची पद्धत होती. मरणारी माणसे जगू लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी व्हीलचेअरवरील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे.

घरी पाळावयाच्या गोष्टी

रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर कुटुंबाला या गोष्टी कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून थोडक्यात देत आहोत.

१) अंथरुणावर असताना दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन, किंवा ते जमत नसेल तर पुढे वा बाजूला झुकून, बैठकीवरचा भार कमी करावा.

२) माकडहाड, कुल्ले, टाचा व घोटे रोज आरशात पाहावेत. कातडी लाल झाली आणि लाली गेली नाही, तर त्या जागेवर मुळीच भार देऊ नये. तेथे चोळू नये. मध्ये भोक असलेली रबरी गादी वापरू नये, तिने रक्तपुरवठा उलट कमी होतो.

३) गरम पाण्याची पिशवी, गरम पातेले, चुलीजवळची बैठक यांपासून दूर राहावे. भाजलेले कळत नाही.

४) लघवीसाठी कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हाताने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत १९७२ पासून रूढ झाली आहे. ती डॉक्टरांकडून शिकून घ्यावी, बहुतेकांना ती स्वतः करता येते.

५) इजा पाठीच्या वरच्या भागात वा मानेत असेल आणि अचानक डोके ठणकू लागले, चेहऱ्याला घाम सुटला, रक्तदाब चढला, तर रुग्णाला ताबडतोब बसते करावे. नळी तुंबली आहे काय ते पाहावे आणि वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. हा जिवावरचा प्रसंग असू शकतो.

पाय तोडावा लागलेल्यांसाठी आपल्या देशात १९६८ पासून जयपूर फूट उपलब्ध आहे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडविला. विलायती पायात बूट लागत असे. जयपूर फूट लावून अनवाणी चालता येते, शेतात उतरता येते, उकिडवे बसता येते आणि विहारात मांडी घालून वंदनाही घेता येते. अल्पशिक्षित कारागिराची बुद्धी आणि शल्यविशारदाचे शास्त्र एकत्र आले म्हणून हे घडले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. तुटलेला पाय दुखतो असे रुग्ण सांगतो तेव्हा घरचे हसतात किंवा घाबरतात. ही वेदना खरी असते. मेंदूत त्या पायाची जागा शिल्लक असते, म्हणून तो दुखतो.

डोक्याला मार लागलेल्यांची गोष्ट आणखी अवघड आहे. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, पण त्याला आठवत नाही, गोंगाट सोसत नाही, लहानशा कारणावरून तो भडकतो. लोक म्हणतात, "माजला आहे" किंवा "कामचुकार झाला आहे." मेंदूच्या ज्या भागाने राग आवरायचा त्यालाच इजा झालेली असते. अशा माणसाशी एका वेळी एकच गोष्ट बोलावी, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवावा, कामांची यादी भिंतीवर लावावी आणि मेंदूविकार व मनोविकार तज्ज्ञांकडे नियमित न्यावे. दारू अशा माणसाला विषासारखी आहे.

दुसरा बाण : मागील जन्माचे पाप

भेटायला येणारे जे बोलतात ते आम्ही पुष्कळ घरांतून ऐकले आहे. "मागच्या जन्मीचे काहीतरी असेल." "सुनेचा पायगुण." मग गंडेदोरे, नवस, भगत आणि "नस मोकळी करून देणारे" सुरू होतात. फिजिओथेरपीला लागणारा पैसा आणि पहिले मोलाचे महिने त्यात जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडावे, ही चिंतेची बाब आहे.

याबाबत भगवंतांचे म्हणणे स्पष्ट आहे. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले की, माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? त्यावर भगवंतांनी पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतुबदल, शरीराची हेळसांड आणि आघात अशी कारणे मोजून दाखविली. कर्म हे त्यांतील शेवटचे. सर्व काही पूर्वकर्मावर टाकणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांनी सांगितले. परातीला कठडा नव्हता, यंत्राला जाळी नव्हती, रस्त्यावर दिवा नव्हता, हे आघाताचे कारण असते. ते शोधले तर पुढचा अपघात टळतो. पूर्वजन्माला दोष दिला की कठडा बसत नाही आणि भरपाईही मिळत नाही.

हक्क

भरपाई व सवलती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची पूर्वतयारी त्या काळात झाली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. विमा उतरविलेल्या कामगाराला कामावरील अपघातात कायमचे अपंगत्व आले, तर या योजनेतून दरमहा रक्कम मिळते. रस्ता अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, म्हणून पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयाचे कागद व बिले पहिल्या दिवसापासून जपावीत. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तरी त्याच तारखेपासून गंभीर जखमीस ५०,००० रुपये व मृताच्या वारसांस २ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. चालत्या गाडीतून पडलेल्या, तिकीट वा पास असलेल्या प्रवाशाला रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. तो पास फेकू नये.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, त्यांच्यासाठी सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणावरून नोकरीतून काढता येत नाही वा पद खाली आणता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. लिहिताना अडचण असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. या सर्वांसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र, म्हणजे सध्याचे यूडीआयडी कार्ड, लवकर काढावे.

जे उरले आहे त्याचे मोल

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या पायांतील बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्यांना पद्मश्री मात्र २०१८ मध्ये मिळाली. प्रत्येकाने पदक मिळवावे असे आम्ही म्हणत नाही. शिवणयंत्र चालविणे, हिशेब लिहिणे, मुलांची शिकवणी घेणे, दुकानाच्या गल्ल्यावर बसणे, घरात निर्णय घेणे हेही तितकेच मोलाचे आहे. नकुलपिता नावाच्या वृद्ध, आजारी उपासकाला भगवंतांनी हेच शिकविले होते की, शरीर पीडित असले तरी चित्त पीडित होऊ देऊ नये. याचा अर्थ दुःख गिळून हसत राहावे असा नाही. निराशा दीर्घकाळ टिकली, झोप उडाली, मरणाचे विचार येऊ लागले तर तोही आजार आहे, त्यावर औषध घ्यावे.

त्याच नकुलपित्याची पत्नी नकुलमाता हिची आठवणही ठेवली पाहिजे. पती मरणासन्न असताना, मी सूत कातून मुले वाढवीन, तू काळजी करू नकोस, असा धीर तिने त्याला दिला. आज आपल्या वस्त्यांत अशा कितीतरी नकुलमाता आहेत. त्या पहाटे उठून पतीची वा मुलाची सर्व स्वच्छता करतात, मग चार घरची कामे करतात, रात्री दोनदा उठून कूस बदलतात. त्यांची पाठ मोडली आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

आपले काम

अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे इतर भिक्खू फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून मंचकावर ठेवले आणि संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. मलमूत्र काढताना किळस न मानणे हा चांगल्या शुश्रूषकाचा गुण त्यांनी सांगितला आहे. आपल्या धम्मात सेवेचे एवढे उंच स्थान असताना आपल्या विहाराला पाच पायऱ्या असाव्यात आणि व्हीलचेअरवरील उपासकाने बुद्धजयंतीला घरी बसावे, हे शोभत नाही.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. विहाराच्या दारी सिमेंटचा उतार बांधावा. सभागृहात भिंतीलगत चार खुर्च्या व व्हीलचेअरसाठी मोकळी जागा ठेवावी. स्वच्छतागृहात एक कमोड व धरायला दांडी बसवावी. वस्तीतील अशा घरांची वही करावी आणि आठवड्यातील एक दिवस पाळीने तेथे जाऊन त्या माऊलीला चार तास मोकळीक द्यावी. दहावी-बारावी पुढच्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरणे, कार्यालयात सोबत जाणे व लेखनिक होणे एवढे पत्करावे. खर्चाच्या मानाने हे काम लहान आहे.

पहिला बाण कोणाच्या वाट्याला कधी येईल हे सांगता येत नाही. दुसरा बाण न मारणे मात्र आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!