निकाली निघाले, पण सुटले काय?

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी ज्याने सरकारदरबारी कधी अर्ज केला आहे, त्याला ‘निकाली’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अर्ज निकाली निघणे आणि अडचण दूर होणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. संगणकविश्वात आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना खुली असते, तिला मुक्त-स्रोत म्हणतात. तिच्यातील दोष कोणीही कळवावा, म्हणजे ‘इश्यू’ नोंदवावा. दुरुस्ती करून ती स्वीकारण्याची विनंती, म्हणजे ‘पुल रिक्वेस्ट’, कोणीही पाठवावी. सेलूच्या शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनही लिनक्स या मुक्त-स्रोत गाभ्यावरच चालतो. मात्र असे कित्येक प्रकल्प मूठभर स्वयंसेवक आपल्या फावल्या वेळात सांभाळतात.

त्यांच्यावरील भार खोटा नाही. ‘कर्ल’ या प्रकल्पाने २०१९ मध्ये सुरक्षेतील दोष दाखविणाऱ्यांना बक्षिसे देण्यास आरंभ केला. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या पोकळ तक्रारींचा असा पूर आला की, प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांना जानेवारी २०२६ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. तेव्हा तक्रारींची वर्गवारी करणे, पुनरुक्ती हुडकणे, दुरुस्तीच्या चाचण्या घेणे ही कामे यंत्राने करावीत, हे उचितच होय.

परंतु यंत्राला निवाड्याचा अधिकारही देण्याची प्रथा रूढ होत आहे. ‘गिटहब’वरील एक प्रचलित साधन, वेगळी सूचना नसल्यास, ६० दिवस हालचाल नसलेल्या तक्रारीवर ‘शिळी’ असा शिक्का मारते आणि आणखी ७ दिवसांनी ती बंद करते. तक्रारदार गप्प झाला, म्हणून दोष नाहीसा झाला काय? पुष्कळदा तो गप्प होतो, तो कोणी उत्तर दिले नाही म्हणून!

२०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. त्याने पिच्छा पुरविला आणि ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत कोणी दडविलेले चोरदार उघडकीस आले. अशी शंका कोणत्याही ठरीव रकान्यात बसत नाही. ती ऐकून घेण्यास माणूसच लागतो.

सेलूच्याच जिल्ह्यातील सेवाग्रामात गांधीजींच्या टपालाचा भार उचलण्यास महादेवभाई देसाईंसारखे सहायक होते. पण पत्र वाचणारा माणूसच होता. मुक्त-स्रोताचा पायाही हा परस्परविश्वासच आहे. यंत्राने टपाल निवडावे, लावून द्यावे. ‘निकाली’ हा शेरा मात्र माणसाच्याच सहीने पडावा.