रॉक बँडचे घरगुती ध्वनिमुद्रण

'डेमो' म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे; कारण ते नीट न कळल्यामुळेच पुष्कळ तरुणांचे पैसे वाया जातात. डेमो म्हणजे विकावयाची ध्वनिमुद्रिका नव्हे. कापसाचा व्यापारी गठाणीतून मूठभर रुई उपसतो, धागा ओढून पाहतो आणि मग भाव बोलतो. डेमो ही ती मूठभर रुई होय. तिच्यावर रंग चढवण्याचे कारण नाही; धागा दिसला म्हणजे झाले.

आता जालना, अंबड किंवा परतूरच्या चार मुलांनी बँड काढला, मराठी गाणी रचली, तर हा नमुना त्यांनी करावा कोठे? मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत तासाप्रमाणे भाडे पडते. प्रवास, मुक्काम आणि ड्रमचे ओझे वेगळेच. शिवाय भिंतीवरचे घड्याळ गाणाऱ्याचा घसा कोरडा पाडते. हे घड्याळ फार जुने आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हापासून तासभर चालणारा राग सुमारे तीन मिनिटांत बसवण्याची पाळी आपल्या गवयांवर आली. घरच्या मुद्रणात हे घड्याळ नाही, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ आहे असे मी मानतो. अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्याने १९८२ च्या जानेवारीत घरी, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट-यंत्रावर, आपल्या गाण्यांचा डेमो केला. पुढे बँडसह तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण ती जमेनात. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका निघाली.

संगणक ह्या कामात करतो काय? मायक्रोफोन आवाजाची विजेची लाट करतो, आणि 'ऑडिओ इंटरफेस' नावाची पेटी त्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकडे लिहिते. माणसाच्या कानाची धाव सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत. ती पकडावयाची तर दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते, म्हणून हा आकडा. मोजमाप २४ बिटांचे ठेवले तर उंचीच्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या मिळतात. म्हणून आवाज बेताने कमीच भरावा. वरची मर्यादा ओलांडली की लाटेचा माथा कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. कमी भरलेला आवाज मागाहून वाढवता येतो. 'ऑडॅसिटी' हा कार्यक्रम २००० सालापासून फुकट मिळतो. सुरुवातीला तेवढा पुरे.

खरी अडचण संगणकाची नसून खोलीची आहे. स्लॅबच्या, गिलावा केलेल्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टाळीमागून झणझणता पडसाद येईल. तो मायक्रोफोनमध्ये शिरला की कोणत्याही कार्यक्रमाने पुरता निघत नाही. गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूंना गोधड्या, गाद्या टांगाव्यात. कपड्यांचे कपाट उघडे टाकावे. जुने माळवदाचे घर ज्यांच्या नशिबी अजून आहे, त्यांनी ते वापरावे. त्या जाड मातीच्या भिंती रस्त्याचा गलबला बाहेरच ठेवतात. पत्र्याच्या खोलीत मात्र पावसाळ्यात काही करू नये. बाजारात मिळणाऱ्या पातळ फोमवर माझा विश्वास नाही. बेस गिटारच्या ५० कंपनांच्या स्वराची लाट सुमारे सात मीटर लांब असते. दोन बोटे जाडीचा फोम तिला काय अडवणार? आणि खोलीतला पडसाद मारणे म्हणजे शेजाऱ्याची झोप वाचवणे नव्हे. त्यासाठी जाड भिंत किंवा शेजाऱ्याचा चांगुलपणा, ह्यांपैकी एक तरी हवे.

दुसरी पीडा उशिराची. गाणारा गातो आणि त्याच्याच कानातल्या हेडफोनमध्ये आवाज किंचित मागाहून येतो. संगणक आकड्यांचे गठ्ठे करून काम करतो. गठ्ठा ५१२ आकड्यांचा असेल तर तेवढ्यानेच सेकंदाच्या हजार भागांपैकी साडेअकरा भाग जातात. म्हणजे जणू सोबती चार मीटर दूर उभा राहून वाजवीत आहे. जाताना आणि येताना मिळून हे अंतर दुप्पट होते व लय घसरते. मुद्रणाच्या वेळी गठ्ठा १२८ चा करावा, नाही तर इंटरफेसमधूनच आवाज थेट ऐकावा.

ड्रमसाठी आठ मायक्रोफोन नाहीत म्हणून कोणी खट्टू होऊ नये. एक डोक्यावर, एक मोठ्या ढोलाजवळ, एवढ्यावर नमुना निघतो.

लयीविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. संगणक 'क्लिक' नावाचा टिकटिकाट देतो व सर्वांनी त्यावर वाजवावे अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या मुलांचा कान भजनात घडलेला असतो, आणि भजनाची लय चढत जाते. तो तिचा दोष नव्हे, प्राण आहे. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' ह्या मंडळींसारखे अभंगांना गिटार-ड्रमची साथ देणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडत असला पाहिजे. माझे मत असे की, आधी सर्वांनी एकत्र, क्लिकविना, एक कच्चे मुद्रण करावे, आणि मग त्याच्यावरच एकेक वाद्य नव्याने भरावे. कामास थोडा वेळ अधिक लागतो, पण चढ शाबूत राहतो.

शेवटचे मिश्रण हेडफोनवर, मोटारीत आणि साध्या मोबाइलवर ऐकावे. ऐकणारा बहुधा मोबाइलवरच ऐकणार आहे. शब्द कळत नसतील तर गिटार कमी करावी, गिटारवाला रुसला तरी. आणि मूळ ट्रॅक त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावेत. स्प्रिंगस्टीन आपली ती कॅसेट डबीशिवाय खिशात घालून हिंडत असे; त्याचे निभावले.