चिनी विधींचा वाद

चीनमधील कॅथलिक ख्रिस्ती लोकांनी पूर्वजांना व कन्फ्यूशसला मान देण्याचे परंपरागत विधी पाळावेत किंवा नाही आणि ईश्वरासाठी कोणता चिनी शब्द योजावा, ह्या प्रश्नांवरून कॅथलिक चर्चमध्ये सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेला वाद. ख्रिस्ती शुभवर्तमान एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत नेताना त्याचा गाभा कोणता व बाह्य आवरण कोणते, हे कसे ओळखावे आणि ते कोणी ठरवावे, हा ह्या वादाचा मूळ मुद्दा होता.

पार्श्वभूमी : सोळाव्या शतकात पूर्वेकडे आलेल्या मिशनऱ्यांपुढे पहिली अडचण शब्दांची होती. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) हा १५४९ मध्ये जपानला पोहोचला. तेथे त्याने ईश्वरासाठी प्रथम ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. हे बौद्ध धर्माच्या शिंगोन पंथातील महावैरोचन बुद्धाचे नाव असल्याने त्या पंथाच्या भिक्षूंना ही शिकवण आपलीच वाटली. चूक ध्यानात येताच १५५१ मध्ये झेव्हिअरने तो शब्द टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्द स्वीकारला. देशी शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही येतो. परका शब्द अर्थाच्या दृष्टीने सुरक्षित असला, तरी ऐकणाऱ्याला तो काहीच सांगत नाही. पुढील वादाचे बीज ह्या पेचात होते.

मातेओ रीत्ची (१५५२–१६१०) हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यास आला. १५८० मध्ये कोचीन येथे त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली व १५८२ मध्ये तो मकाव येथे पोहोचला. आरंभी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला होता. तथापि चिनी समाजात खरी प्रतिष्ठा विद्वान अधिकारीवर्गाला आहे, हे उमजल्यावर १५९५ मध्ये त्याने त्या वर्गाचा वेष धारण केला. चिनी अभिजात ग्रंथांचा त्याने सखोल अभ्यास केला. १६०१ मध्ये त्याला बीजिंगमध्ये राहण्याची अनुज्ञा मिळाली. त्याचा शिष्य व सहकारी शू ग्वांग-ची (१५६२–१६३३) ह्याच्या साहाय्याने त्याने यूक्लिडच्या भूमितीची पहिली सहा प्रकरणे चिनी भाषेत आणली (१६०७).

ईश्वरासाठी रीत्चीने ‘तियेन-जू’ (स्वर्गाचा स्वामी) हा शब्द योजला. परंतु प्राचीन चिनी ग्रंथांतील ‘शांग-ती’ (सर्वोच्च अधिपती) आणि ‘तियेन’ (स्वर्ग) हे शब्दही त्याच ईश्वराचे निदर्शक आहेत, असे त्याचे मत होते. पूर्वजांची नावे लिहिलेल्या पाटीपुढे धूप जाळणे, अन्न ठेवणे व साष्टांग नमन करणे, तसेच विद्वानांनी कन्फ्यूशसच्या मंदिरात त्याला वंदन करणे, हे आचार त्याने मुख्यतः कौटुंबिक व नागरी स्वरूपाचे मानले. पुत्रधर्म हा चिनी समाजव्यवस्थेचा पाया होता. पूर्वजांचे विधी टाकणारा मनुष्य कृतघ्न ठरे व कन्फ्यूशसचे विधी टाकणाऱ्या विद्वानाला अधिकारपदाला मुकावे लागे. ख्रिस्ती होण्यासाठी चिनीपण सोडावे लागू नये, हा रीत्चीच्या धोरणाचा आशय होता.

वादाची वाटचाल : रीत्चीच्या मताला पहिला विरोध जेझुइटांमधूनच झाला. त्याचा उत्तराधिकारी निक्कोलो लाँगोबार्दी ह्याला ‘शांग-ती’ ह्या शब्दाने निर्मात्या ईश्वराचा बोध होतो, हे मान्य नव्हते. १६३० नंतर फूज्येन प्रांतात डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन मिशनरी आले. त्यांचा वावर मुख्यतः सामान्य लोकांत होता. मृतात्मा पाटीत येऊन वसतो व कुटुंबाचे कल्याण करतो, अशी समजूत त्यांना तेथे आढळली. पाटीवर ‘आत्म्याचे आसन’ अशा अर्थाची अक्षरेही असत. जेझुइट ग्रंथांतील व विद्वानांच्या मनातील अर्थ सांगत होते, तर त्यांचे विरोधक लोकाचारातील अर्थ सांगत होते; दोन्ही निरीक्षणांना आधार होता.

डॉमिनिकन मिशनरी ह्वान बाउतिस्ता दे मोरालेस ह्याने सादर केलेल्या वर्णनावरून रोमने १६४५ मध्ये हे विधी निषिद्ध ठरविले. जेझुइटांचा प्रतिनिधी मार्तीनो मार्तीनी ह्याने वेगळे वर्णन सादर केल्यावर १६५६ मध्ये त्यांना मुभा मिळाली. विधी जसे वर्णन केले आहेत तसे असतील, तर दोन्ही निर्णय लागू आहेत, असे १६६९ मध्ये स्पष्ट करण्यात आले. दरम्यान १६५९ मध्ये धर्मप्रसाराचे काम पाहणाऱ्या रोममधील मंडळाने मिशनऱ्यांना एक सूचनापत्र दिले होते. धर्माशी व नीतीशी उघड विरोध नसेल, तर कोणत्याही लोकांना त्यांच्या चालीरीती सोडावयास लावू नये, यूरोपीय देशांच्या चालीरीती चीनमध्ये नेऊ नयेत, असे त्यात बजावले होते. पहिला चिनी बिशप ल्वो वन-झाओ हा स्वतः डॉमिनिकन असूनही विधींच्या बाबतीत त्याचा कल जेझुइटांच्या मताकडे होता.

१६९२ मध्ये सम्राट खांग-शी (कार. १६६१–१७२२) ह्याने ख्रिस्ती उपासनेला संरक्षण देणारा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी फूज्येनमधील धर्माधिकारी शार्ल मेग्रो ह्याने आपल्या क्षेत्रात वादग्रस्त विधी व शब्द ह्यांवर बंदी घातली. १७०० मध्ये जेझुइटांच्या विनंतीवरून खांग-शीने हे विधी केवळ आदर व कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी आहेत, असे लेखी जाहीर केले. तरीही पोप अकरावा क्लेमेंट ह्याच्या कारकीर्दीत १७०४ मध्ये रोमचा निर्णय विरुद्ध गेला. पोपचा दूत शार्ल द तूर्नाँ सम्राटाला भेटला. परंतु त्याची शिष्टाई निष्फळ ठरली. १७०६ मध्ये खांग-शीने मेग्रोला सिंहासनामागील चार अक्षरे वाचावयास सांगितली, तेव्हा ती सर्व त्याला ओळखता आली नाहीत. ज्याला चिनी अक्षरे वाचता येत नाहीत, त्याने चिनी सिद्धांतांचा निवाडा करावा, ह्याचा सम्राटाला विषाद वाटला. रीत्चीची पद्धत पाळण्याचे मान्य करणाऱ्यांनाच देशात राहण्याचा परवाना मिळेल, असे त्याने ठरविले. १७१५ च्या आज्ञापत्राने क्लेमेंटने बंदी पक्की केली. मात्र मृताचे केवळ नाव असलेली पाटी ठेवण्यास त्यात मुभा होती. पोप चौदावा बेनेडिक्ट ह्याने १७४२ मध्ये ह्या विषयावरील चर्चाच बंद केली व मिशनऱ्यांना बंदी पाळण्याची शपथ सक्तीची केली.

परिणाम : खांग-शीचा वारस युंग-जंग ह्याने १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. तिला राजकीय कारणेही होती. तथापि विधींच्या निषेधामुळे ख्रिस्ती धर्म म्हणजे परकीय सत्तेची आज्ञा, ही समजूत दृढ झाली. बंदीचा खरा भार चिनी श्रद्धावंतांवर पडला. त्यांना आईबापांविषयीचे कर्तव्य व चर्चची आज्ञा ह्यांपैकी एकाची निवड करावी लागे.

भारतातही असाच प्रश्न निर्माण झाला होता. मदुराई येथे १६०६ पासून कार्य करणाऱ्या रोबेर्तो दे नोबिली (१५७७–१६५६) ह्याने संन्याशाचा आचार स्वीकारला होता. त्यातून निघालेल्या ‘मलबार विधीं’च्या वादाचा निर्णय पोपने १७४४ मध्ये दिला. गोव्यात रीत्चीचा समकालीन टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) ह्याने ख्रिस्तपुराण (१६१६) ह्या मराठी ग्रंथासाठी ओवी छंद व पुराणाचा घाट निवडला आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. एकोणिसाव्या शतकात चीनमधील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांतही ‘शांग-ती’ व ‘शेन’ ह्या शब्दांवरून मतभेद झाले. त्यामुळे चिनी बायबलच्या दोन्ही शब्दांच्या स्वतंत्र आवृत्त्या निघत आल्या आहेत.

मूल्यमापन : ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप बारावा पायस ह्याच्या कारकीर्दीत, रोमने कन्फ्यूशसविषयीचे सन्मानविधी व मृतांना वंदन करण्यास अनुमती दिली आणि मिशनऱ्यांची शपथ रद्द केली. काळाच्या ओघात ह्या आचारांचा अर्थ बदलून ते नागरी स्वरूपाचे झाले आहेत, अशी भूमिका त्यामागे होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्थानिक परंपरांतील ग्राह्य अंश स्वीकारण्याच्या तत्त्वाला मान्यता दिली. १९७१ मध्ये तैवानमध्ये कार्डिनल यू-पिन ह्याच्या पुढाकाराने पूर्वजवंदनाचा जाहीर विधी झाला.

ह्या वादात दोन्ही पक्ष संदेशाशी निष्ठा राखण्याचाच प्रयत्न करीत होते. संदेशात भेसळ होईल, ही एकाची भीती होती. तो मुळी ऐकलाच जाणार नाही, ही दुसऱ्याची. कोणताही विधी वा शब्द स्वभावतःच श्रद्धेला अनुकूल वा प्रतिकूल नसतो. त्याचा अर्थ तो आचरणाऱ्या समाजात घडतो व बदलतोही. म्हणून त्याचा निर्णय केवळ दूरच्या वर्णनांवरून करणे धोक्याचे ठरते. एका पिढीला अग्राह्य वाटलेला आचार दुसऱ्या पिढीला ग्राह्य ठरला. परंतु तोवर जवळजवळ दोन शतके लोटली होती.